बॉनेटवरचे पांढरे गोल

मंगेशची गाडी शिवथरला घरच्या अंगणात उभी असायची आणि भर दुपारी आपोआप बोंब ठोकायची. बॅटरी सारखी उतरायला लागली, तेव्हा त्याने मुंबईहून फोन करून महाडच्या हर्षद मेकॅनिकला पाठवलं. हर्षदने वायरिंग तपासलं, दारांचे स्विच पाहिले. सगळं ठणठणीत! शेवटी सापडलं. चोरीच्या अलार्मचा धक्का ओळखणारा सेन्सर इतका हळवा ठेवलेला, की पान पडलं तरी गाडी ओरडावी. त्याने तो कमी केला आणि बॉनेटवर चार थापा मारून पाहिल्या. गाडी गप्प.

पण बॉनेटवर पिठाचे पांढरे गोल कसले उमटलेत, हे काही त्याला उमगेना.

"काकी, हे काय हाय?" त्याने मंगेशच्या आईला विचारलं.

आनंदीबाई आत गेल्या, ओल्या पापडांचं सूप घेऊन आल्या आणि तापलेल्या बॉनेटवर एकेक पापड मांडत गेल्या. मग दोघं पडवीत चहाला बसले.

तोच आंब्यावरून एक वानर उतरलं, बॉनेटवर बसलं आणि निवांत पापड खाऊ लागलं. गाडी आता ओरडेल, मग ओरडेल, म्हणून आनंदीबाई कपबशी हातात धरून बघत राहिल्या. मग हर्षदकडे वळल्या.

"चांगली चालत व्हती रे! बिघडवून ठेवलीस ना!"