युरेनसची बायको

"युरेनस आपली वाट सोडून चालत होता," अंधारात नवऱ्याचा आवाज घुमला. "का? तर कुणीतरी त्याला ओढत होतं. दुर्बिणीतून दिसण्याआधी गणितानेच त्या कुणाचातरी पत्ता सांगितला. तो हा नेपच्यून! आणि लक्षात ठेवा मंडळी, ओढ कधी एकतर्फी नसते."

तारांगणात हशा पिकला. शेवटच्या रांगेत, तोंडाला स्कार्फ गुंडाळून बसलेली त्याची बायको मात्र हसली नाही. ते दिसतंच आहे, ती मनात म्हणाली. मेली कोण आहे, तेवढं कळू दे.

गणित तिलाही येत होतं. लग्नाच्या वाढदिवशी कधी नव्हे ते नटूनथटून ती त्याला न्यायला इथे आली, तर हा गायब. शो सहायकावर सोपवून गेलेला. रात्री आडून विचारलं, तर म्हणे, "जाणार कुठे? तारांगणातच होतो." मग तिनेही आपण आल्याचं सांगितलं नाही. चोराला सावध कशाला करा? तेव्हापासून हा अधूनमधून दुपारचे शो टाळायचा आणि घरी आला की घुम्यासारखा बसायचा. चष्म्याच्या दुकानातलं काम सोडून, डोकं दुखण्याचं निमित्त करून ती त्याच्या मागावर निघायची. दर वेळी तो गर्दीत निसटायचा.

आज निसटू द्यायचा नाही.

शो संपला. तो बाहेर पडला, ती मागोमाग. वाटेत एका काचेत पाहून त्याने केस सारखे केले. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन चौक ओलांडून तो एका खांबाआड थांबला आणि समोरच्या दुकानाकडे टक लावून पाहू लागला.

दुकान चष्म्याचं. तिचंच. काउंटरवर नवी मुलगी गिऱ्हाइकाशी हसून बोलत होती.

काखेत कळसा नि गावाला वळसा! तिने मागून त्याची कॉलर धरली.

"ही होय तुमची नेपच्यून?"

तो दचकला. मग तिला पाहून तोच लालबुंद झाला. "म्हणजे आजही तू दुकानात नाहीस! डोकं दुखतं सांगून जातेस कुठे? कोण आहे तो?"

"तो? कुठला तो?"

"मला काय हौस आहे इथे खांबाला टेकून उभं राहायची? लग्नाच्या वाढदिवशी तुला न्यायला आलो, तर तू जागेवर नव्हतीस. रात्री विचारलं, तर म्हणालीस, जाणार कुठे, दुकानातच होते!"

तिने कॉलर सोडली. पर्सच्या तळाशी हात घातला आणि त्याच दिवसाची, सिनेमाची दोन न फाडलेली तिकिटं त्याच्या हातावर ठेवली.