फळीवरच्या किल्ल्या

दुकानदार काकांच्या काउंटरमागे फळीवर गल्लीतल्या प्रत्येक घराची जादा किल्ली लटकायची. कुणी घराबाहेर अडकलं, की काका न बघताच खिळ्यावरून बरोबर किल्ली काढून द्यायचे. एका दुपारी काका माल आणायला गेलेले, आणि घरात काकू पडल्या. आतून हाका येत होत्या, पण दाराला लॅच होतं. "किल्ली दुकानात असेल," शिंपी म्हणाला, आणि सगळी गल्ली तिकडे धावली. पहारीने दुकानाचं कुलूप तोडलं, फळीच उचलून आणली, एकेक किल्ली लावून पाहिली. एकही लागेना. हाका थांबल्या. काकांच्या घराची किल्ली नेहमीप्रमाणे काकांच्याच खिशात होती. आठवड्याने काकांनी दुकान उघडलं, सगळ्या किल्ल्या पुसून जागच्या जागी अडकवल्या. शिंपी मान खाली घालून उभा होता. तुटलेलं कुलूप काकांनी त्याच्यापुढे ठेवलं. "पहार हातात होती, मग दारच फोडायचं ना."