शिट्टीच्या आधी

बाळा, कल्पना कर. तुझ्या हातात लेझीम आहे आणि तुझ्या मागे उभी असलेली मुलगी कधीच चुकत नाही.

हेमांगीचं तसंच झालं होतं. सरांची शिट्टी वाजली की उभ्याने खेळणं सोडून बैठक मारायची, पण हेमांगी दरवेळी एक ठोका उभीच राहायची. शाळेत नवीन आलेली शबाना मात्र शिट्टीबरोबर खाली! पथकाच्या पुढे तीच नाचणार, असं सगळ्या म्हणायच्या आणि हेमांगीच्या पोटात दुखायचं.

“जादू करतेस का गं?” एकदा तिने खोचकपणे विचारलं.

“छे! सरांचा हात शिट्टीकडे गेला ना, की मी मनातल्या मनात आधीच बसते. मग नुसते गुडघे वाकवायचे.”

निवडीच्या दिवशी हेमांगी मुद्दाम एक पाऊल सरकून शबानाच्या अगदी समोर उभी राहिली. शबानाला सर दिसेनात. हेमांगीने सरांचा हात पाहिला, मनात बसली आणि शिट्टीबरोबर खाली गेली. मागे एक लेझीम उशिरा खणखणली.

“शबाना, तू चुकलीस?” सर म्हणाले. “हेमांगी, शाब्बास! आता शेवटची फेरी, मग नाव सांगतो.”

शबानाने तक्रार केली नाही. “मस्त बसलीस गं,” ती मागून हळूच म्हणाली.

हेमांगीचे कान तापले. फेरी सुरू झाली, लेझमी वाजू लागल्या. सरांचा हात शिट्टीकडे जायच्या आधीच हेमांगी शबानासमोरून ते एक पाऊल परत सरकली.