फ्रीजरमधली नळी

"काकू, फेरतपासणीला काका नाही आले?" लॅबमधल्या मुलीनं विचारलं.

"गेले गं ते. दुसरा झटका आला." कुंदाताईंनी पदर सावरला. "पहिल्या झटक्यानंतर तुम्ही त्यांचं रक्त घेतलं होतंत ना, रक्तवाहिन्या कशा बिघडतात ते शोधायला? आहे का अजून?"

मुलीनं फ्रीजरमधून गोठलेल्या रक्ताची नळी काढून दिली. "क्षणभरच हं, काकू. वितळली तर वाया जाईल."

अस्थी केव्हाच नदीत सोडल्या होत्या. नवऱ्याचं या जगात आता एवढंच उरलं होतं. कुंदाताईंनी नळी पदरात घेऊन दोन्ही तळव्यांत धरली. थंडीच्या दिवसांत त्याचे गारठलेले हात त्या अशाच धरून बसायच्या, ऊब येईपर्यंत.

आज ऊब यायच्या आत त्यांनी नळी परत दिली.