चौलच्या पुढचा चढ

फणसाड अभयारण्याचा चढ मी काल सायकलवरून एकदाही पाय न टेकता पार केला. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा, कारण तसं काही घडलेलं नाही.

या चढासाठी मी आणि माझा मित्र गौतम सहा महिने रोज पहाटे परळच्या पुलावर घाम गाळत होतो. चूक एकच झाली. भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढताना मी रूटचा नकाशा घरच्या ग्रुपवर टाकला. चौलला पोचलो, तर मालनआत्या भर रस्त्यात हात आडवा करून उभी.

"काय रे, आत्याच्या दारावरनं न जेवता जाणार होतास?"

जेवलो. हात धुऊन बाहेर आलो, तर दोन्ही सायकलींवर बोंबील वाळत घातलेले.

"दोन दिवसांत सुकतील, मग जा. रेवदंड्याच्या मावशीला आणि नांदगावच्या काकांना फोन केलाय. दोघंही परवा भात टाकणारायत."

"गौतम, चल, पळू या!"

"तू हो पुढे रे," गौतम म्हणाला. "मला आत्यांनी अजून सोलकढी घ्यायला सांगितलीय."

 

तरी वन खात्याने अभयारण्याच्या मार्गातील आमच्या सर्व नातेवाइकांचे तातडीने अन्यत्र पुनर्वसन करावे, ही नम्र विनंती.