नाव सापडलं

नत्थूजींनी मोबाइल काउंटरमागच्या मुलीसमोर, प्रणालीसमोर, धरला. फोटोत तिगावच्या समाजमंदिराच्या भिंतीला एक कापडी फलक बांधलेला होता आणि त्याच्याखाली त्यांची दहा वर्षांची चंचल नवं दप्तर पाठीला लावून उभी होती. फलकावर लिहिलं होतं, ‘किरणधारा जनसेवा समिती. मूकबधिर मुलींची निवासी शाळा.’

“हेच नाव टाक, पोरी,” ते म्हणाले. “मास्तर म्हणे, सरकारच्या साइटवर साऱ्या संस्था असतात. खरी असली तं पत्त्यासकट निघते.”

पांढुर्ण्याच्या त्या ऑनलाइन सेंटरमध्ये दुपारी दुसरं कोणी नव्हतं. चंचलची आई, अंबाबाई, दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी अजून चपला काढल्या नव्हत्या.

“शाळेचा फोन कधीपासून बंद आहे, काकाजी?” प्रणालीनं टाइप करता करता विचारलं.

“पोळ्यापासून. पहिले व्हिडिओवर दाखवत होते तिले. हात हलवून काही काही सांगे. मंग एक दिवस फोन लागलाच नाही. भोपाळले जाऊन आलो. शाळेच्या त्या पत्त्यावर टायरचं दुकान हाय.”

फलकावरचं सगळं शाळेसकट टाकल्यावर काहीच निघालं नाही. प्रणालीनं नुसतं ‘किरणधारा’ टाकलं. पान जरा वेळ फिरत राहिलं आणि मग एक ओळ आली. किरणधारा जनसेवा समिती. तिच्यासमोर हिरवी खूण होती आणि ‘नोंदणीकृत’ असं लिहिलं होतं.

“निघाली वो!” नत्थूजी मागे वळून ओरडले. “सरकारात नाव हाय तिचं. खोटी नाही.”

अंबाबाई उठून उभ्या राहिल्या. कोणी मोठं माणूस समोर आल्यासारखा त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

पत्ता भोपाळचा नव्हता, रतलामकडच्या कुठल्याशा गावाचा होता. पण खाली सचिवाचा नंबर होता. प्रणालीनं आपल्याच फोनवरून लावला आणि स्पीकर चालू केला. दोन रिंगांत कोणीतरी उचलला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता.

“नमस्कार जी,” नत्थूजी फोनवर वाकले. “चंचल के बाबूजी बोल रहे, पांढुर्ना तरफ से. हमारी बच्ची आपके यहाँ है. जरा व्हिडिओ लगाव न. उसकी माँ आई है.”

पलीकडे बसचा हॉर्न वाजला.

“भाईसाहब,” म्हातारा म्हणाला, “हम तो बस-अड्डे पर प्याऊ चलाते हैं. गर्मी में लोगों को पानी पिलाते हैं. हमारा कोई स्कूल नहीं है.”

“पण नाव तं तुमचंच हाय,” नत्थूजी एकदम मराठीत बोलले.

म्हाताऱ्याला ते समजलं. “नाम हमारा ही है. किसी ने ले लिया. आप से पहले सिवनी से फोन आया था. उससे पहले मंडला से. वो लोग भी अपनी बच्ची को पूछ रहे थे.”

एवढं सांगूनही त्यानं फोन ठेवला नाही. शेवटी नत्थूजीच म्हणाले, “ठीक है जी,” आणि कुठलं बटन दाबायचं ते त्यांना सुचेना, म्हणून प्रणालीनं फोन बंद केला.

“काकाजी, पोलीस ठाण्यात जाऊ,” ती म्हणाली. “आत्ताच जाऊ. मी दुकान बंद करून येते तुमच्यासोबत.”

नत्थूजी स्क्रीनवरच्या हिरव्या खुणेकडे पाहत होते. “सरकारात तं नाव हाय न,” ते म्हणाले. ते कोणाला म्हणाले ते कळलं नाही.

अंबाबाई काउंटरच्या आत येऊन प्रणालीच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

“पोरी, याच्यात माणसाचं नाव टाकता येते का?”

“नाही काकू. याच्यात फक्त संस्था असतात.”

“टाकून तं पाय. चंचल टाक.”

प्रणालीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि टाकलं. स्क्रीन वरपासून खालपर्यंत भरून गेली. चंचल महिला मंडळ, चंचल ग्रामोत्थान समिती, चंचल गोसेवा संघ, वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या संस्था, एकीखाली एक.

अंबाबाईंना वाचता येत नव्हतं. पण तो एक शब्द त्या ओळखत होत्या. पोरगी लिहायला शिकली होती ती तेवढंच. तिनं ते कोळशानं घराच्या भिंतींवर लिहिलं होतं, कापसाच्या बोऱ्यांवर लिहिलं होतं, आई दुपारी निजली की पेननं तिच्या दंडावर लिहिलं होतं.

त्यांनी बोट काचेवर टेकवलं. पहिल्या ओळीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर ते हळूहळू खाली जात होतं. प्रणालीचा हात माउसवर तसाच राहिला.

“अजी,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “पाहा न इकडे. इथं हाय. इथंबी हाय.”