मिठाच्या पाण्याचे उंदीर

शेवटचा उंदीर काट्यावरून उतरला आणि डोरीनने वजनांची यादी पुन्हा वरपासून वाचली. सगळेच सडपातळ. एकही जाडा नाही.

ही जातच मुळी जन्माची लठ्ठ. रक्तातच तसं होतं. वयात आला की प्रत्येकाचा भोपळा व्हायचा. म्हणून पिल्लं जन्मल्या दिवसापासून डोरीन त्यांना रोज उचलून टोचत आली होती. निम्म्यांना भूक आवरणारं संप्रेरक, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते फक्त तिच्या मार्गदर्शक थर्लोबाईंना ठाऊक. टोचणाऱ्याची नजर कुणाला झुकतं माप देऊ नये म्हणून रिवाजच तसा होता. आज ते उघड व्हायचं, म्हणून डोरीनने हौसेने ब्लूबेरी पाई भाजून बाहेरच्या टेबलावर ठेवली होती. तिची पीएचडी या दोन गटांतल्या फरकावर उभी होती, आणि फरकाचाच पत्ता नव्हता.

थर्लोबाईंनी गट सांगितले आणि चष्मा काढला. त्यांच्या मते पुरवणाऱ्याने भलत्याच जातीचे उंदीर गळ्यात मारले होते. म्हणजे तीन वर्षं पाण्यात. डोरीनला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात तिला कोपऱ्यातला पिंजरा आठवला. याच घराण्यातली, याच खेपेतली एक वीण जास्तीची म्हणून प्रयोगात घेतली नव्हती. खाऊपिऊ घालण्यापलीकडे तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. डोरीनने पिंजरा पुढे ओढला. आत गलेलठ्ठ उंदीर एकमेकांवर रेलून सुखाने झोपले होते.

"जात बरोबर आहे, डॉक्टर."

थर्लोबाई वाकून बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, मिठाच्या पाण्याने कुणी बारीक होत नाही. टोचून झाल्यावर तू काय करायचीस त्यांचं?"

"काही नाही. आईजवळ परत ठेवायचे. ती बिचारी कावरीबावरी झालेली असायची. एकेकाला ओढून घ्यायची आणि चाटत बसायची. मला हसूच यायचं. या कोपऱ्यातल्या आईला काय, तिची पिल्लं कुणी नेलीच नाहीत कधी."

बोलता बोलता डोरीन थांबली. टोचलेलं काहीही असो, आईने चाटलं तर सगळ्यांनाच होतं.

थर्लोबाई बाहेर गेल्या, त्यांनी पाईचा भलामोठा तुकडा कापून घेतला आणि आता आणखी वर्षभर तुझी सुटका नाही, असं तोंड भरलेलं असतानाच खुशीत बजावलं. डोरीन फळ्यापाशी गेली. वर प्रयोगाचं नाव होतं आणि त्याखाली ठळक अक्षरांत औषधाचं. तिने औषधाचं नाव पुसलं आणि त्या जागी लिहिलं, 'आई?'